पॉलिकार्पच्या पोटरीवरची माशी

पॉलिकार्पबद्दल चार चांगले शब्द बोलायचा मला अधिकार नाही. रीतच तशी आहे. त्याचं कूळ आणि माझं कूळ थट्टेचे सोयरे, आजा-पणज्यांच्याही आधीपासूनचे. नदीकाठच्या आम्हा दगारा लोकांत अशा दोन कुळांतली माणसं भेटली की आधी एकमेकांना शिव्या द्यायच्या, एकमेकांच्या ताटातलं मटण पळवायचं, मयताला जाऊन मेलेल्याचीही टर उडवायची. समोरच्याने रागवायचं नाही. रागावला तर त्याने एक कोंबडी दंड भरायची. गेल्या सुगीत पॉलिकार्प गेला तेव्हा मीही त्याच्या मढ्यासमोर उकिडवा बसून त्याची नक्कल केली, आणि लोक हसले. पण नक्कल म्हणजे काही माणूस नव्हे, म्हणून हे लिहायला घेतलं आहे.

तो मला 'माश्यांचा खाटीक' म्हणायचा. त्यात खोटं काही नव्हतं. जिल्ह्याच्या गावी एका छोट्या खोलीत मायक्रोस्कोपखाली माश्या चिरायच्या, हीच माझी नोकरी. माश्या म्हणजे घरात भाकरीवर बसणाऱ्या नव्हेत. आमच्या नदीला जिथे खडक आहेत आणि पाणी खळखळतं, तिथे एक काळी, कुबडी, तिळापेक्षा जरा मोठी माशी पैदा होते. ती चावते तेव्हा एका माणसाच्या अंगातला जंत दुसऱ्याच्या अंगात नेऊन सोडते. वर्षानुवर्षं चावत राहिली की त्या जंताची पिल्लं कातडीखालून फिरत फिरत डोळ्यांत जातात. माझ्या लहानपणी माननूर गावात चाळिशीच्या पुढचा डोळस माणूस सहज सापडत नसे. पॉलिकार्पचा बाप आंधळा, चुलता आंधळा, आणि शेवटी गावच नदी सोडून वर माळावर निघून गेलं होतं. पुढे हेलिकॉप्टरने नदीत औषध फवारायला सुरुवात झाली, माश्या कमी झाल्या आणि लोक परत खाली आले.

फवारणी लागू पडते की नाही हे कळायला माश्या मोजाव्या लागतात. त्यासाठी कुणीतरी नदीवर बसावं लागतं. पॉलिकार्प बावीस वर्षांचा असताना त्या कामाला लागला. आठवड्यातले तीन दिवस, सकाळपासून सूर्य बुडेपर्यंत, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून खडकावर बसायचं. माशी पोटरीवर उतरली की ती जागा शोधत जरा इकडेतिकडे फिरते. तेवढ्यात तिच्यावर काचेची नळी पालथी घालायची, बूच लावायचं आणि नळीवर आपलं नाव आणि वेळ लिहायची. माशी पकडायची ती चावायच्या आत, यातच सगळं कसब. बाकीच्या पकडणाऱ्यांकडून येणाऱ्या नळ्यांत एखादी तरी रक्त पिऊन टम्म फुगलेली माशी असायचीच. पॉलिकार्पच्या नळीतून वर्षानुवर्षं तशी एकही आली नाही. पंधरा पंधरा हात लांबून माशीचा सूर ऐकू येतो, असं तो सांगायचा. फुशारकी होती, पण हात खरंच विजेसारखा होता.

एकदा नळ्या द्यायला आला आणि म्हणाला, "खाटका, रोज एवढी कत्तल करतोस, एकदा दाखव तरी आत काय असतं ते."

"तुझ्या कुळाची अक्कल शोधतोय. अजून सापडली नाही," म्हणत मी त्याला स्टुलावर बसवलं.

त्या दिवशी नशिबाने वेगवेगळ्या वयाचे जंत मिळाले होते. पहिल्या काचेवर माशीचं पोट होतं. ती नुकतीच कुणा आजारी माणसाचं रक्त प्यालेली. रक्तात जंताची पिल्लं वळवळत होती, कापलेल्या दोऱ्याचे बारीक तुकडे असावेत तशी. "यातली बहुतेक इथेच मरतात," मी सांगितलं. "चार-दोन चिवट निघतात, ती पोटाची भिंत भोकसून छातीत जातात." दुसऱ्या काचेवर छाती होती. माशी ज्या स्नायूंनी पंख हलवते, त्या स्नायूंत जंत गपगार पडून होता, आखूड आणि जाड, रताळ्यासारखा. तिथे पडून तो खातो, वाढतो, दोनदा कात टाकतो, मग पुन्हा लांब आणि चपळ होतो. तिसऱ्या काचेवर माशीचं डोकं. तिथे, तोंडाच्या अगदी दाराशी, पूर्ण तयार झालेला जंत टपून बसला होता. माशी पुन्हा चावली की तो बाहेर पडणार.

"किती दिवस लागतात याला?"

"पोटातून डोक्यात यायला? एक बाजार आणि वर एक दिवस." आमच्याकडे दर सहाव्या दिवशी बाजार भरतो, त्यावरच सगळा हिशेब.

"आणि पोरं कधी घालतो?"

"माशीत नाही घालत. माशीत नुसता मोठा होतो. नर-मादी, लग्न, पोरंबाळं, सगळं माणसाच्या अंगात."

पॉलिकार्पने डोळा मायक्रोस्कोपवरून काढला. मग म्हणाला, "म्हणजे माशीला आपण उगाच शिव्या देतो. ती नुसती दाई. आई आपणच." मी हसलो, पण ते वाक्य माझ्या मनात राहून गेलं. माझ्या साहेबांनासुद्धा इतकं सोपं करून सांगता येत नव्हतं.

माश्या कमी होत गेल्या. पूर्वी तो दिवसाला तीनशे पकडायचा, मग तीस, मग एखादा दिवस तीनच. त्याच सुमाराला जंताच्या गोळ्या आल्या. वर्षातून एकदा घ्यायच्या, आणि किती घ्यायच्या ते उंचीवर ठरायचं. त्यासाठी एक खुणा केलेली काठी असायची. माणूस काठीला पाठ लावून उभा राहिला की डोकं जिथे लागेल तेवढ्या गोळ्या. सगळ्यात खालच्या खुणेपर्यंत न पोचणाऱ्या लेकराला काही नाही. या गोळीने अंगातले म्हातारे जंत मरत नाहीत, त्यांची पिल्लं मरतात. म्हणजे डोळे वाचतात, आणि माशीला पुढे न्यायला काही उरत नाही. माननूरमध्ये गोळ्या वाटायचं काम पॉलिकार्पकडेच आलं, कारण त्याला लिहिता येत होतं आणि लोक त्याचं ऐकत. हट्टी म्हाताऱ्यांना तो आपल्या बापाचं नाव घेऊन गोळी गिळायला लावायचा. यादीत प्रत्येकासमोर खूण करायचा. स्वतःच्या नावासमोरसुद्धा.

एका वर्षी राजधानीतून नवा साहेब आला. पॉलिकार्पच्या नळ्यांची पेटी उघडून बघितली, तर दहातल्या नऊ रिकाम्या. साहेब चारचौघांत म्हणाला, "झाडाखाली झोप काढतोस की काय?"

आता, रिकामी नळी म्हणजे आनंदाची बातमी. नदी स्वच्छ होत असल्याचा तोच पुरावा. हे मला कळत होतं, साहेबालाही कळायला हवं होतं. पण ते वाक्य पॉलिकार्पच्या जिव्हारी लागलं. नदीकाठचा सगळ्यात चांगला माशीपकड्या तो, त्याच्या नावाला झोपेचा डाग. त्या वर्षी एका बाजारात पिटो पिताना, म्हणजे आमची ज्वारीची दारू, मी त्याला डिवचलं, "काय रे चोरा, माश्याही तुझ्या पायाला कंटाळल्या म्हणे?"

"कंटाळतील कशा? मी गोळ्या खात नाही ना तुझ्यासारखा," तो म्हणाला. "कडुनिंब पायाला चोळला तरी माशी नाक मुरडते. पोटात कडू गेलं तर घामातून बाहेर येणार नाही का? मी माझ्या गोळ्या नदीला खायला घालतो. माझी पोटरी गोड राहू दे."

मी पोट धरून हसलो. शेजारच्या बाकावरच्यांनाही ऐकवलं. तेही हसले. पुढे दरवर्षी गोळ्यांच्या वेळी आम्ही तोच विनोद करायचो. मी विचारायचो, "नदीचं जेवण झालं का?" तो म्हणायचा, "झालं, ढेकर दिला."

हे त्याने मला खरं सांगितलं होतं. भर बाजारात, मोठ्याने, अकरा वर्षं. दुसऱ्या कुणाला तो हे सांगूच शकला नसता, लाज वाटली असती. मला सांगितलं, कारण माझ्याशी बोललेलं कुणी खरं धरत नाही. आणि मी ते खरं धरलं नाही, कारण थट्टेच्या सोयऱ्याचं बोलणं खरं धरायचं नसतं. कडू औषधाने माशी पळत नाही, हे मला पक्कं माहीत होतं. एका वाक्यात सांगता आलं असतं. 

मग त्याच्या नळ्यांतून रक्त प्यालेल्या माश्या यायला लागल्या. आधी महिन्यात एक, मग आठवड्याला दोन-तीन. माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. ज्याचा हात असा चालतो त्याला माशी चावते कशी? मी मात्र बाजारात त्याला म्हणालो, "माश्यांना लग्नाचं जेवण घालतोस वाटतं हल्ली."

"वय झालं, हात जड झाला," तो म्हणाला. नळ्यांवरचे वेळेचे आकडे आता तिरके, एकमेकांवर चढलेले यायचे. मला वाटलं, पिटो जास्त होत असेल.

त्या वर्षी पाऊस सरता सरता एका सकाळी मी त्याच्या पेटीतली दहाच्या ठोक्याची नळी उघडली. पोट लाल असलेली माशी. पोट चिरलं आणि थेंब काचेवर घेतला. त्यात दोऱ्याचे तुकडे वळवळत होते. चाळीसपर्यंत मोजले आणि पुढे मोजवेना. कितीतरी वर्षांत आमच्या नदीच्या माशीत एकही जंत दिसला नव्हता. छाती चिरली, डोकं चिरलं, तिथे काही नाही. मी खुर्चीत मागे टेकलो. डोक्यात असते तर माशी हे जंत कुठूनतरी, मागच्या बाजाराला, कुणाकडून तरी घेऊन आली म्हणता आलं असतं. पण होते ते पोटात, ताज्या रक्तात. म्हणजे काल सकाळी दहाला ज्या पायावर ती बसली होती, त्याच पायातले. नळीवर पाय कुणाचा ते लिहिलेलंच होतं.

दुसऱ्या दिवशी मी सायकल काढली आणि नदीवर गेलो. पॉलिकार्प खडकावर बसला होता, पँट दुमडलेली, तोंड माझ्याकडे. मी वीस पावलांवर आलो, दहावर आलो, तरी शिवी आली नाही. मी अगदी समोर उभा राहिलो. तो माझ्याकडे बघत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. तेव्हा मला त्याचे डोळे नीट दिसले. दोन्ही कडांनी भाताच्या पेजेसारखं पांढरं आत सरकत आलं होतं.

"कोण आहे?" त्याने विचारलं.

"तुझा बाप," मी म्हणालो. 

तो खुलला. "खाटका! ये. बस. आज कत्तलखान्याला सुट्टी?"

"माशी उतरते ती तुला दिसते का?"

"दिसायची काय गरज आहे? पाय सांगतो ना. चावली की टाकतो नळी."

"तू गोळ्या घेत नव्हतास."

"सांगितलं होतं की तुला."

मग मात्र माझा तोल गेला. इतका ओरडलो की वर कपडे धुणारी त्याची बायको, स्कोलास्तिका, धावत आली. तो आधी हसतच होता. "रागावलास! कोंबडी काढ," म्हणत राहिला. माझं बोलणं त्याच्या कानात शिरत होतं, पण थट्टा म्हणूनच. शेवटी मी स्कोलास्तिकाला बाजूला घेतलं, माशीच्या पोटातलं सगळं सांगितलं आणि म्हणालो, वहिनी, तू सांग, माझं तो ऐकणार नाही. ती त्याच्यासमोर गेली, त्याचे दोन्ही हात धरले आणि एवढंच म्हणाली, "अहो, तो खरं बोलतोय."

पॉलिकार्पचं हसणं थांबलं. मला वाटलं, डोळ्यांचा विचार करतोय. पण त्याने दुमडलेली पँट हळूहळू खाली ओढली आणि विचारलं, "जी मला चावली आणि माझ्या नळीतून सुटली, ती एक बाजार आणि एक दिवसाने कुणाला चावली असेल?"

 त्या खडकावर त्याच्याशिवाय नेहमी बसणारं एकच माणूस होतं. त्याची धाकटी, फेलिसिता. तीन वर्षांची असल्यापासून आईबरोबर त्याची भाकरी घेऊन यायची आणि तिथेच पाण्यात पाय सोडून बसायची. आता सहाची होती, पण अंगाने बारकी. गोळ्यांच्या काठीची सगळ्यात खालची खूण तिच्या डोक्याला त्याच वर्षी लागणार होती. तोवर तिला एकदाही गोळी मिळाली नव्हती.

"माझं जाऊ दे," तो म्हणाला. "पोरीचं बघ."

त्याने त्याच संध्याकाळी स्वतःच्या गोळ्या घेतल्या. अंगातली हजारो पिल्लं एकदम मरायला लागली की अंग सुजतं, कातडी पेटते. चार दिवस तो भिंतीला पाठ घासत होता आणि एकदाही कण्हला नाही. त्याचे डोळे काही परत आले नाहीत. पुढच्या पावसाळ्यापर्यंत उरलासुरला उजेडही गेला.

फेलिसिताला आम्ही त्याच आठवड्यात दवाखान्यात नेलं. नर्सने कमरेवरून कातडीचा टाचणीच्या डोक्याएवढा तुकडा घेतला. तो पाण्याच्या थेंबात ठेवायचा आणि वाट बघायची. जंत असतील तर ते आपणहून पाण्यात बाहेर येतात. मी सकाळभर मायक्रोस्कोपसमोर बसलो होतो. येऊ नका, येऊ नका, असं म्हणत होतो, म्हणजे अगदी मोठ्याने. पहिला लगेच आला. मग दुसरा. मग बऱ्याच वेळाने तिसरा.

दुपारी माननूरला निघालो. वाटेत ठरवलं की सांगायचं नाही. पोरीला गोळी त्याच दिवशी दिली होती. दरवर्षी घेत राहिली तर तिचे डोळे जाणार नव्हते. मग त्या माणसाच्या छातीवर आणखी एक धोंडा कशाला? स्कोलास्तिकाला एकटीला गाठून सांगेन, म्हटलं.

पॉलिकार्प अंगणात, ज्याच्या बियांचं तूप काढतात त्या शियाच्या झाडाखाली, भुईमुगाच्या शेंगा फोडत बसला होता. मी त्याच्याशेजारी बसलो, त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "पॉलिकार्प, पोरगी स्वच्छ आहे," मी म्हणालो. "काही निघालं नाही. तू काळजी करू नकोस."

त्याची बोटं शेंगेवर थांबली.

"किती निघाले?" त्याने विचारलं.

"सांगितलं ना, काही नाही."

"इतक्या वर्षांत तू माझ्याशी कधी सरळ बोललास? चांगली बातमी असती तर दारातूनच माझ्या आईचा उद्धार करत आला असतास." त्याने हातातली शेंग खाली ठेवली. "किती?"

"तीन."

"आणि गोळीने जातील?"

"पिल्लं जातील. डोळ्यांना काही होणार नाही. म्हातारे राहतील दहा-बारा वर्षं, मग आपोआप मरतील."

"म्हणजे पोर लग्नाची होईपर्यंत माझे जंत तिच्या अंगात."

 त्याने मांडीवरची टरफलं झटकली आणि फेलिसिताला हाक मारली. ती आली तशी तिला गुडघ्यांमध्ये उभी केली आणि चाचपायला लागला. म्हातारे जंत कातडीखाली गाठ करून राहतात; ती कमरेच्या हाडावर येते, फासळ्यांवर येते, लहान मुलांच्या डोक्यावरही येते. आमच्या हातांना ती लहानपणापासून ओळखीची. त्याची बोटं तिच्या केसांतून गेली, कानांमागे गेली, एकेक फासळी मोजत खाली आली. पोरीला गुदगुल्या व्हायला लागल्या. ती खिदळत वाकडीतिकडी होत होती, "बाबा, पुरे, बाबा," म्हणत होती. तो एका जागी थांबला.

"ही?" त्याने मला विचारलं.

मी वाकून बघितलं, बोट लावलं. "नाही. ते हाडच आहे."

त्याचा विश्वास बसला नाही. त्याने पुन्हा तिचं डोकं हातात घेतलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली. पोर हसत होती.